सावरखोलचा रिकामा रकाना

मोडी वाचणाऱ्या माणसाला लोक कधी घाबरतील, असं अच्युतराव खरवंड्यांना स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. तासगिरीच्या बाजारपेठेत, स्टॅम्पविक्रेत्याच्या मागच्या खोलीत बसून त्यांनी सव्वीस वर्षं लोकांचे जुने कागद वाचून दिले. वाटणीपत्रं, बक्षीसपत्रं, कुणाच्या तरी पणजोबाने बांधावरून घातलेला वाद. लोक यायचे, ऐकायचे, 'बरं' म्हणून जायचे. आणि आता त्याच अच्युतरावांना रस्त्यात गाठून माणसं हळूच विचारत होती, साहेब, आमचा आकडा कुठला निघतोय?

आकडा म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. हिस्सा कायदा आला तेव्हा त्यामागे हेतू चांगलाच होता, उगाच कशाला खोटं बोला. कित्येक लहान समाज असे होते, की स्वातंत्र्यानंतर शंभर वर्षं होत आली तरी त्यांच्यातला एक माणूस पंचायतीच्या खुर्चीवर बसला नव्हता. मतं द्यायची, सतरंज्या उचलायच्या आणि घरी यायचं. कायद्याने सांगितलं की आता प्रत्येक समाजाला त्याच्या डोक्यांइतक्या जागा. समाजांची नावं कायद्यात लिहायला गेले तर नावांच्या क्रमावरूनच मारामाऱ्या व्हायला लागल्या, म्हणून सरकारने सरळ क्रमांक दिले. एकशे बारा गट. तुमचा जो गट, त्याच गटाची यादी मतदान यंत्रावर तुमच्यापुढे उमटणार. दुसऱ्या गटाचा उमेदवार तुम्हाला दिसायचाही नाही, म्हणजे मोठ्यांनी लहानांची मतं पळवायला नकोत.

आता कोण कुठल्या गटात, हे ठरवायचं कशावरून? माणसाच्या तोंडच्या शब्दावर भरवसा नाही, कारण जिथे जागा जास्त तिथे सगळेच धावणार. राहिले जुने कागद. शंभर वर्षांपूर्वीची कोतवाल बुकं, म्हणजे गावोगावच्या जन्ममृत्यूच्या वह्या. त्यात नाव, बापाचं नाव, जात, तारीख असे रकाने असायचे. नऊ जिल्ह्यांत मिळून अशी दोन कोटी पानं निघाली, बरीचशी मोडीतली. ती वाचायला माणसं बसवली असती तर नातवंडांच्या हयातीतही काम संपलं नसतं. म्हणून नोंद संचालनालयाने यंत्र आणलं. त्याचं नाव ठेवलं 'सांधणी'. आणि सांधणीला मोडी शिकवायला नेमलं अच्युतराव खरवंड्यांना.

लोकांना वाटायचं, यंत्राला मोडी येते. तसं काही नसतं. यंत्राला शाईचे डाग दिसतात आणि अशा डागाला मास्तर काय म्हणाले होते, तेवढं त्याच्या लक्षात असतं. अच्युतरावांनी अकरा महिने बसून चाळीस हजार ओळी त्याला वाचून दाखवल्या. ओळ दाखवायची, खाली तिचा अर्थ लिहायचा. त्यावरून यंत्र स्वतःची अटकळ बांधत गेलं. वाचून झालं की दुसरं काम सांधण्याचं. या वहीतला रामा बिन भिका आणि त्या शाळेच्या दाखल्यातला रामा भिका हा एकच माणूस का, हे नाव, गाव आणि वयाचा मेळ घालून ठरवायचं. असं करत करत आजच्या मतदारापासून त्याच्या खापरपणजोबापर्यंत साखळी जोडायची. प्रत्येक निकालापुढे यंत्र खात्रीचा आकडा द्यायचं, अठ्ठ्याण्णव टक्के, सत्त्याण्णव टक्के. तो आकडा पाहिला की भलेभले गप्प बसत. खरं म्हणजे त्याचा अर्थ एवढाच होता, की या जागी अच्युतराव असते तर त्यांनीही शंभरातल्या अठ्ठ्याण्णव वेळा असंच लिहिलं असतं. पण एवढं फोड करून कोण सांगतो आणि कोण ऐकतो?

अच्युतरावांना त्या दिवसांत खूप बरं वाटत होतं. संचालनालयाने त्यांना खोली दिली, पाटी दिली, हाताखाली प्रतीक्षा लोंढे नावाची हुशार मुलगी दिली. प्रतीक्षा भूमिहीन घरातली. तिच्या समाजाचा आकडा त्र्याण्णव. कायद्यानंतरच्या निवडणुकांच्या पहिल्याच फेरीत तिची आई गावच्या पंचायतीत निवडून आली, तेव्हा प्रतीक्षाने ऑफिसात पेढे वाटले आणि वाटता वाटता रडली. अच्युतरावांच्याही डोळ्यांत पाणी आलं. आपण जे करतोय ते चांगलंच आहे, असं त्यांनी त्या दिवशी पक्कं ठरवून टाकलं.

मार्चमध्ये अक्का आली.

अक्का म्हणजे विमल, अच्युतरावांची थोरली बहीण, सावरखोलला दिलेली. दिलेली तरी कशी म्हणायची, स्वतःच गेलेली. चाळीसेक वर्षांपूर्वी तिने दिनकरला घरी आणलं, तेव्हा वडिलांनी पहिला प्रश्न विचारला की तुमची जात कोणती. दिनकर म्हणाला, आमच्या गावात सांगत नाहीत. वडिलांनी दार दाखवलं. पुढच्या आठवड्यात अक्का निघाली आणि तिची बॅग एसटी स्टँडपर्यंत अच्युतरावांनी वाहून नेली. त्याबद्दल वडील दोन वर्षं त्यांच्याशी बोलले नाहीत. पण अक्काचा संसार झकास झाला. दिनकर गेल्यावर गावाने तिला तीनदा बिनविरोध सरपंच केलं. लोक गमतीने म्हणायचे, हिच्याविरुद्ध उभं राहण्यापेक्षा हिच्या शिव्या खाल्लेल्या परवडतात. तिने गावात दहावीपर्यंत शाळा आणली, वरच्या आळीला नळ नेले आणि ग्रामसभेला येणार नाही त्याच्या घरी जाऊन त्याला उठवून आणलं.

तर ती अक्का सावरखोलच्या मतदारयादीचा मसुदा घेऊन खोलीत आली आणि तिने तो टेबलावर आपटला. गावात कुणी एकोणीस निघाले होते, कुणी एकतीस, कुणी चौसष्ट. अकरा घरं निघाली होती बावन्न. त्यात अक्काचं घर.

"बावन्न म्हणजे कोण रे?" तिने विचारलं.

अच्युतरावांनी यादी उघडून पाहिली. बावन्न म्हणजे कल्हईवाले.

अक्काला हसू आवरेना. मग तिने बोट ठेवून दाखवलं. दिनकरचा आजा आणि शेजारच्या रावसाहेबाचा आजा सख्खे भाऊ, एका आईच्या पोटचे, गावातलं शेंबडं पोरही सांगेल. मग मी बावन्न आणि रावसाहेब एकोणीस कसा?

अच्युतरावांनी मूळ पानं पडद्यावर काढली. सावरखोलच्या वहीत जातीचा रकाना पानोपान रिकामा होता. जुने कारकून एकच शब्द पुन्हा पुन्हा लिहायचा कंटाळा करत. वरच्या ओळीत जे आहे तेच खाली असेल तर जागा कोरी सोडत. अच्युतरावांना मोडी शिकवणारे केळुसकर मास्तर पहिल्याच दिवशी म्हणाले होते की कोरं दिसलं की वर बघायचं. सव्वीस वर्षं अच्युतराव वर बघत आले, आणि यंत्राला शिकवतानाही त्यांनी प्रत्येक कोऱ्या जागी वरचा शब्द भरला. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. हात तसा बसला होता, बस.

सावरखोलात वर होतं काय? मधूनच कुणी परगावचा माणूस गावात मेला किंवा माहेरपणाला आलेली बाई बाळंत झाली, की तेवढी जात कारकुनाने लिहिलेली होती. एका पावसाळ्यात फिरता कल्हईवाला गावात साप चावून मेला होता. त्याच्याखाली अठरा महिन्यांत जन्मलेली सावरखोलची अकरा पोरं यंत्राने कल्हईवाल्यांत घातली होती. त्यातलं एक दिनकरचा आजा. त्याचा थोरला भाऊ चार वर्षं आधी जन्मला, तो वेगळ्या परक्या माणसाच्या खाली आला. मग दोघांचा बाप एकच कसा? यंत्राने तोही प्रश्न सोडवला होता. एकाच नावाचे दोन बाप गावात होते, असं धरून त्याने एका माणसाची दोन माणसं केली होती. खात्री सत्त्याण्णव टक्के.

"पण मग हे कोरं का?" अच्युतरावांनी जवळजवळ स्वतःलाच विचारलं.

अक्काने सांगितलं. तिला ते सासऱ्यांनी सांगितलं होतं, त्यांना त्यांच्या बापाने. मोठा दुष्काळ पडला तेव्हा सावरखोलच्या सगळ्या घरांनी मिळून खडकात विहीर खणली. दोन वर्षं लागली, तीन माणसं मेली. पाणी लागलं त्या दिवशी प्रश्न आला की आधी कुणी भरायचं. तिथंच कुणीतरी म्हणालं की एवढं होऊनही आपण हेच विचारणार असू तर विहीर बुजवलेली बरी. गाव चावडीपुढे बसलं आणि कारकुनाला सांगितलं, आमच्यापुरता तो रकाना कोरा ठेव. कारकून ऐकेना, तेव्हा गाव तीन दिवस उठलं नाही. शेवटी त्याने मान डोलावली. याचा दुसरा पुरावा काही नाही. त्यांनी जे करायचं होतं ते न लिहूनच केलं.

आपण उभ्या गावाचा नकार खोडून त्यावर होकार लिहिला, हे अच्युतरावांना तिथल्या तिथे कळलं. त्यांनी अक्काला शब्द दिला, हरकतींच्या सुनावणीला मी येतो आणि सांगतो. अक्का निर्धास्त होऊन दुपारच्या गाडीने परत गेली.

सुनावणीला अजून बारा दिवस होते. ते बारा दिवस अच्युतरावांना नडले.

पहिल्यांदा त्यांनी हिशेब केला, तर नऊ जिल्ह्यांत अशा कोऱ्या जागा निघाल्या अकरा लाख. त्यातल्या बहुतेक खरोखरच 'वरच्यासारख्या' होत्या. पण किती, ते कोण सांगणार? मग त्यांनी प्रतीक्षाला विश्वासात घेतलं. ती म्हणाली, "सर, तुमच्या बहिणीचं गाव चांगलं आहे, मी नाही म्हणत नाही. पण एक टाका उसवला की लोक सगळं उसवतील. ज्यांना हा कायदा नकोच आहे ते वाटच बघतायत. माझी आई आत्ता कुठे त्या खुर्चीवर टेकलीय."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. सावरखोलाला जात विसरणं परवडलं, कारण तिथे सगळ्यांनीच विसरायचं ठरवलं होतं. त्र्याण्णवांना ती कुणी विसरू दिली नव्हती. अच्युतराव स्वतःला हे रोज समजावत. पण आणखीही एक गोष्ट होती, जी ते स्वतःलाही सांगत नव्हते. पुढच्या महिन्यात सांधणीचा मुख्य शिक्षक म्हणून त्यांचा मुंबईत सत्कार ठरला होता. सव्वीस वर्षं स्टॅम्पविक्रेत्याच्या मागे बसलेल्या माणसाला पहिल्यांदा कुणी शाल घालणार होतं. प्रतीक्षाच्या आईच्या खुर्चीआड ते आपली शाल लपवत होते.

सुनावणी तासगिरीलाच झाली. सावरखोलची पन्नासेक माणसं ट्रॅक्टर करून आली होती, दारातून डोकावत होती. प्रांताधिकारी तरुण आणि सभ्य होते. त्यांनी तज्ज्ञ म्हणून अच्युतरावांना उभं केलं आणि एकच प्रश्न विचारला. कोतवाल बुकात जातीचा रकाना कोरा असेल तर त्याचा अर्थ काय घ्यायचा?

अक्का पहिल्या बाकावर बसली होती. तिने भावाला बघून मान हलवली, सांग म्हणून.

"प्रचलित पद्धतीप्रमाणे वरच्या नोंदीसारखाच घेतात," अच्युतराव म्हणाले.

अधिकाऱ्यांनी विचारलं की आणखी काही सांगायचंय का. अच्युतराव नाही म्हणाले. त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं, पद्धत तीच होती. फक्त ती पद्धत यंत्रात कुणी घातली, ती सावरखोलात कशी फसली, हे ते बोलले नाहीत. हरकत फेटाळायला दोन मिनिटं लागली. बाहेर आल्यावर अक्का त्यांच्याजवळ आली, त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं, आणि ट्रॅक्टरवर चढली. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं अच्युतरावांना पुढे कितीतरी महिने वाटत राहिलं.

मुंबईला शाल मिळाली. ती त्यांनी घरी आणून कपाटात टाकली.

इकडे सावरखोलात काय चाललंय, ते त्यांना उडत उडत कळत होतं. पंचायतीच्या जागा गटांप्रमाणे वाटल्या गेल्या. सरपंच एकोणिसांचा. बावन्नांची अकरा घरं शेजारच्या तीन गावांतल्या बावन्नांना जोडून एक जागा केली. अक्काने उभं राहायचं म्हटलं असतं, तर तिला ज्यांनी तीनदा निवडून दिलं त्यांच्या यंत्रावर तिचं नाव दिसणारच नव्हतं. ती उभी राहिली नाही. उभा राहिला तिचा मुलगा हर्षद, आणि निवडून आला.

हर्षद गावात दूध संकलन केंद्र चालवायचा. पोरगा मनमिळाऊ, मामावर जीव असलेला. निवडून आल्यावर महिन्याभरात त्याचा फोन आला, मामा, कार्यक्रमाला यायलाच पाहिजे. अच्युतराव गेले. बरेच दिवस अक्काचं तोंड पाहिलं नव्हतं, त्या निमित्ताने जावं असंही होतं.

गावात शिरताच त्यांना कमान दिसली. 'कल्हईकार समाज, सावरखोल परिसर, आपलं सहर्ष स्वागत करत आहे.' मांडवात एका दाढीवाल्या पुरुषाची मोठी तसबीर होती. साप चावून मेलेला तो फिरता माणूस, ज्याचं नावसुद्धा वहीत अर्धंच होतं, त्याचं चित्र कुणीतरी संगणकावर तयार करून आणलं होतं. त्याची पुण्यतिथी साजरी होत होती. हर्षदने भाषण केलं. आपल्या पूर्वजांनी गावोगाव फिरून लोकांची भांडी उजळली आणि त्यांना मात्र कुणी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, असं सांगताना त्याचा आवाज भरून आला. लोक डोळे पुसत होते. त्यात नाटक कुणाचंच नव्हतं, सगळे मनापासून रडत होते. हे रडू राजकीय पक्षांनी पोसलं होतं. त्यांच्याकडे गटवार याद्या होत्या आणि कुठल्या आकड्याला कुठलं दुःख पाठवायचं, हे त्यांच्या यंत्रांना ठाऊक होतं. बावन्नांच्या फोनवर बावन्नांवरचा अन्याय रोज सकाळी यायचा, एकोणिसांच्या फोनवर एकोणिसांचा.

जेवणं झाल्यावर अच्युतरावांनी हर्षदला बाजूला घेतलं. त्याला सगळं सांगितलं, विहीर, चावडी, कारकून, कोरा रकाना, आणि स्वतःची चूक. हर्षदने शांतपणे ऐकून घेतलं.

"मामा, आईने हे शंभरदा सांगितलंय मला," तो म्हणाला. "खरं असेल. पण आई सरपंच असताना कलेक्टर मला ओळखत होते का? आता आमदार फोन करून विचारतो, बावन्नांचं काय म्हणणं आहे. आधी मी कुणीच नव्हतो, हो. आता मी कुणीतरी आहे."

अच्युतराव अक्काला भेटायला घरात गेले, तर ती मागच्या पडवीत शेंगा सोलत बसली होती. मांडवात ती आलीच नव्हती. तिने त्यांना पाणी दिलं, प्रकृतीची चौकशी केली, परक्या पाहुण्याची करावी तशी. ते निघाले तेव्हा ती दारापर्यंत आली नाही.

त्या आठवड्यात त्यांनी प्रतिज्ञापत्र लिहिलं. कोरा रकाना 'वरच्यासारखा' धरण्याची सवय माझी होती, ती मी यंत्राला लावली, तिला दुसरा आधार नाही, आणि सावरखोलपुरती ती साफ चुकीची आहे, असं स्पष्ट लिहून ते संचालनालयात द्यायला गेले. आधी प्रतीक्षाला वाचायला दिलं. तिने दोनदा वाचलं आणि खाली दुसरी वाचक म्हणून स्वतःची सही केली.

"हे सुनावणीतच सांगायला हवं होतं सर," ती म्हणाली. "मी तेव्हा भांडले असते तुमच्याशी. भांडून गप्प बसले असते."

मग अच्युतराव वाट बघत बसले, की आता आभाळ कोसळणार. कायदा कोर्टात जाणार, अकरा लाख नोंदी रद्द होणार, लोक दारावर दगड घेऊन येणार. झालं काय? दोन महिन्यांनी संचालनालयाने पाऊण पानाचं परिपत्रक काढलं. ज्यांची नोंद कोऱ्या रकान्यावरून भरली गेली आहे, त्यांना हवं असल्यास साध्या अर्जावर ती पूर्ववत कोरी करून मिळेल. मुदत तीस दिवस. बस, एवढंच. कायद्याच्या केसालाही धक्का लागला नाही, प्रतीक्षाच्या आईची खुर्ची जागच्या जागी राहिली. ज्या भीतीपोटी ते सुनावणीत गप्प बसले, ती भीतीच पोकळ होती. तेव्हा बोलले असते तरी एवढंच झालं असतं, आणि तेव्हा सावरखोलची पन्नास माणसं ट्रॅक्टर करून आलेली होती.

त्यांनी स्वतः अर्जांचे कोरे नमुने छापून घेतले, तीनशे, आणि सावरखोलला गेले. घरोघर फिरले. रावसाहेबाने चहा दिला, अर्ज घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला की आमच्या एकोणिसांच्या बैठकीत ठरवतो. एकतिसांच्या आळीत एका म्हाताऱ्याने विचारलं, कोरं करून घेतलं तर आकड्यावर मिळणाऱ्या पोरीच्या शिष्यवृत्तीचं काय? त्याचा प्रश्न रास्त होता. चौसष्टांच्या पोरांनी सांगितलं की आधी बाकीच्यांनी कोरं करावं, मग आम्ही करू. नाहीतर आम्ही तेवढे उघडे पडणार. गावातला प्रत्येक माणूस हेच म्हणत होता, आणि प्रत्येकाचं स्वतःपुरतं बरोबर होतं. शंभर वर्षांपूर्वी जे गाव चावडीपुढे एका सतरंजीवर तीन दिवस बसून राहिलं, त्याला आता एका जागी बसवायचं तरी कुणाच्या नावाने? ग्रामसभेलासुद्धा लोक आकड्याप्रमाणे बसायला लागले होते.

हर्षदने अर्ज हातातही घेतला नाही.

मुदत संपली त्या दिवशी अच्युतरावांनी संचालनालयात जाऊन नोंद पाहिली. सावरखोलहून अर्ज आला होता एक. विमल दिनकर, वय बासष्ट.

पुढच्या फेब्रुवारीत जिल्हा परिषदेची निवडणूक लागली. अच्युतरावांनी सकाळी तासगिरीत मतदान केलं आणि तडक सावरखोलची गाडी पकडली. का जातोय, हे त्यांना नीट सांगता आलं नसतं. अक्का आज मतदानाला जाणार, एवढं त्यांना माहीत होतं.

शाळेच्या आवारात चुन्याने पट्टे आखले होते, गटागटाच्या रांगा वेगळ्या. ही शाळा अक्काने तालुक्याला चाळीस खेटे घालून आणली होती. ती फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसली होती, इस्त्रीची साडी नेसून, मांडीवर मतदारचिठ्ठी घेऊन. येणारे-जाणारे तिला नमस्कार करत आणि आपापल्या पट्ट्यात जाऊन उभे राहत. हर्षद बावन्नांच्या रांगेत पाण्याच्या बाटल्या वाटत होता. मधूनच आईकडे बघायचा आणि नजर वळवायचा.

अच्युतराव तिच्याशेजारी बसले. तिने आपणहून सांगितलं. ती आत जाऊन आली होती. मतदान अधिकारी भला माणूस होता, त्याने खुर्ची दिली. यंत्रावर तिची चिठ्ठी लावली तर पडदा पांढराच राहिला. त्याने तीनदा लावून पाहिली. मग वरच्यांना फोन केला आणि म्हणाला की बाई, ज्यांचा रकाना कोरा आहे त्यांच्यासाठी यादीच केलेली नाही. कायद्यात तशी सोय राहून गेलीय. पुढच्या वेळी होईल.

"अक्का, माझं चुकलं," अच्युतराव म्हणाले. "त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं. सगळं मला माहीत होतं आणि मी बोललो नाही."

"हो," अक्का म्हणाली. तिने ते नाकारलं नाही आणि त्यांची समजूतही घातली नाही. दोघं रांगांकडे बघत बसले. रांगा शिस्तीत पुढे सरकत होत्या. कुठे गडबड नाही, भांडण नाही, मतदान म्हणे ब्याण्णव टक्क्यांवर जाणार होतं.

मग अक्काने सहज विचारलं, "तू दिलंस मत?"

"दिलं सकाळीच."

"कुणाला दिलंस?"

अच्युतरावांनी सांगायला तोंड उघडलं आणि त्यांना नाव आठवेना. त्यांच्यापुढे त्यांच्या गटाची, आठ क्रमांकाची, यादी उमटली होती. पाच-सहा नावं होती, फोटो होते, त्यांनी वरचं बटण दाबलं होतं. तो माणूस कोण, कुठला, काय करतो, हे वाचायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"होता कुणीतरी," ते म्हणाले. "आपल्यातलाच."

अक्काने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांना तिच्याकडे बघवेना.